पंचनामा न होणारे मरण

खेड्यात बैल गेला की लोक भेटायला येतात. ओसरीवर चार माणसे टेकतात, तंबाखू मळली जाते, 'जित्राब लई गुणाचं होतं' असे कुणीतरी म्हणते आणि घरातल्या बाया डोळ्यांना पदर लावतात. म्हैस वीज पडून दगावली तर पंचनामा होतो, कागदाला कागद जोडला जातो. शेळी गेली तर निदान शेजारीण हळहळते. कोंबडी मेली तर मात्र कुणी काही विचारत नाही. पोराला हाक मारून तिचे पाय धरून उकिरड्यावर टाकायला लावायचे, खुराड्याचे दार लोटायचे आणि पुन्हा चुलीपुढे बसायचे, एवढाच तिचा अंत्यविधी. "कोंबडीच ती, दुसरी आण," असे घरातला पुरुष म्हणतो. जिच्या दहा कोंबड्या चार दिवसांत गेलेल्या असतात ती बाई हे ऐकते आणि गप्प बसते.

या गप्प बसण्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात राहते. नोकरीला लागले तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. २०२३ मध्ये त्याचे नाव बदलले. जुने नाव आता मुख्यतः शेळीपाशी उरले आहे. 'उस्मानाबादी' शेळी म्हटले की काळीभोर, उंच, जुळी देणारी शेळी देशभरच्या जाणकारांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या कोंबडीला असे काही नाव नाही. ती नुसती 'गावरान'. पण बालाघाटाच्या या कोरड्या पट्ट्यात, जिथे पाऊस एक वर्ष येतो आणि दोन वर्षे वाट बघायला लावतो, तिथे शेळीच्याही आधी बाईच्या हाताशी येणारे जनावर म्हणजे कोंबडी. शेळीला चारा लागतो, राखण लागते. कोंबडीला अंगण पुरते. खळ्यावर सांडलेली ज्वारी, उकिरड्यातले किडे, पावसाळ्यात उडणारी वाळवी, घरातले उष्टे, यांवर ती जगते आणि आठवड्याच्या बाजाराला अंडी देते.

हा व्यवहार वाटतो तितका किरकोळ नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली कोंबड्या-बदकांची संख्या ८५ कोटींच्या वर भरली आणि त्यांतल्या जवळजवळ ३२ कोटी पाखरांची नोंद परसातली म्हणून झाली. ही ३२ कोटी पाखरे कुठल्या कंपनीच्या शेडमध्ये नाहीत. ती घरामागच्या भिंतीला टेकलेल्या दगडी खुराड्यात, बाजेखाली, डालग्यात आहेत आणि त्यांची मालकी बहुतेक ठिकाणी घरच्या बाईकडे आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते; सोयाबीनचे पैसे कुणाच्या खात्यावर पडले ते तिला नंतर कळते. अंड्याचा पैसा मात्र तिच्या कनवटीला असतो. पोराची वही, स्वतःची डोकेदुखीची गोळी, लेकीच्या बांगड्या, बचत गटाचा हप्ता हे सगळे त्यातून निघते. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. कोंबडी मरते तेव्हा हा न मागावा लागणारा पैसा मरतो. आणि रोज सकाळी पायात घोटाळणारा एक जीवही जातो. दोन्ही नुकसाने एकदम होतात, पण एकाचाही उच्चार होत नाही.

आजारी कोंबडी ओळखायची तर पहाटे ओळखावी. खुराड्याचे दार काढले की धडधाकट कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर पडतात. जी सगळ्यांत शेवटी येते, आल्यावर दोन पावले टाकून थांबते, मान आत ओढून पिसे फुलवून उभी राहते, तिच्यात काहीतरी बिघडलेले असते. तुऱ्याचा रंग उतरतो, पंख सैल पडतात, डोळ्यांवर झापड येते. बाया म्हणतात, "काल तर बरी होती की." ती काल बरी नसतेच, फक्त तसे दाखवत असते. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये कोंबड्यांच्या कळपातली उतरंड जगापुढे मांडली. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी कोणाचे टोचून घ्यायचे हे कळपात ठरलेले असते, असे त्यांना दिसले. या उतरंडीत जी कोंबडी दुबळी दिसेल तिला बाकीच्या टोचून मागे सारतात. म्हणून कोंबडी आपले दुखणे अखेरच्या घटकेपर्यंत लपवते. आपल्या लक्षात येते तेव्हा निम्मा आजार होऊन गेलेला असतो. सासुरवाशिणींना हे फार समजावून सांगावे लागत नाही.

माझ्याकडे अकरा कोंबड्या होत्या. त्यांत एक कवडी होती. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, म्हणून कवडी. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा अंडी बसवली तेव्हा निघालेल्या पिलांतली ती. एका उन्हाळ्यात ती दिवसभर खुराड्याच्या कोपऱ्यात शेपूट खाली पाडून बसली. मधूनच उठायची, दोन पावले पाय फाकून चालायची, पुन्हा बसायची. शेजारच्या आत्या भिंतीवरून डोकावल्या. अख्खी आळी त्यांना आत्याच म्हणते.

"काय बघायलाव बाई?"

"कवडी काही खात नाही. जगते की नाही कोण जाणे."

आत्या आत आल्या, कोंबडी उचलली, पोटाखालून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही मरत न्हाई. अडलीय. अंडं अडकलंय तिचं. अडल्या बाईला जे लागतं तेच हिला लागतंय."

आणि तेच केले. पाटीत कोमट पाणी घेतले, हात घालून बघितले तर चटका बसू नये इतपत. कवडीला त्यात पोटापर्यंत बसवून आत्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मग अंग टिपून मागच्या बाजूला खोबरेल तेल लावले, गोणपाट अंथरलेल्या अंधाऱ्या डालग्यात तिला ठेवले आणि वरून डालग्यावर चादर टाकली. "आता कुणी बघू नका, तिला लाज वाटती," असे म्हणून आत्यांनी पोरांना हाकलले. तिन्हीसांजेला डालगे उचलले तेव्हा खाली अंडे होते, पातळ कवचाचे. कोमट पाण्याने स्नायू सैल होतात आणि चुन्याच्या कमतरतेने अंडे अडते, हे पशुवैद्यही सांगतात. तेव्हापासून अंड्यांची टरफले वाळवून, कुटून मी कोंबड्यांच्या कण्यांत घालते. पोट दाबून अंडे बाहेर काढायला मात्र जाऊ नये; ते आत फुटले तर कोंबडी वाचत नाही.

कोंबडीची शुश्रूषा ही अशी साधी असते. वेगळी ठेवणे, ऊब देणे, सावली देणे, पाणी पाजणे. पाण्यात गुळाचा खडा आणि मिठाची कणी. चोच उघडून घशात ओतायचे नाही, नाहीतर ते श्वासनळीत जाते. चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती आपण होऊन गिळते. दह्यात कालवलेल्या कण्या, भिजवून कुस्करलेली भाकरी. देवी आल्या, म्हणजे तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या धरल्या, तर हळद-तेल लावून माश्या बसू द्यायच्या नाहीत आणि डोळे मिटले असतील तर हाताने भरवत राहायचे. तीन-चार आठवड्यांत बऱ्याच कोंबड्या उठतात. उवा-पिसवा झाल्या तर चुलीची राख खड्ड्यात टाकून ठेवायची, ती तीत लोळते. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. ते सासूकडून सुनेकडे आलेले आहे आणि त्यातले बरेचसे खरे आहे.

पण एका दुखण्यापुढे हे सगळे हात टेकते. त्याला आमच्याकडे 'मर' म्हणतात. काही जण 'मानमोडी' म्हणतात. पुस्तकातले नाव राणीखेत.

या नावाचाही एक इतिहास आहे. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ आणि त्याच वर्षी तिकडे जावा बेटावर कोंबड्यांत एक नवी साथ दिसली. पाठोपाठ आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे ती आढळली. जग तिला न्यूकॅसलचे नाव देते, आपण राणीखेतचे. योगायोग असा की तिच्यावरची आपली लसही त्याच कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत, १९४० च्या दशकात तयार झाली. आणि ही प्रयोगशाळा मुळात आपल्या पुण्याची. १८८९ मध्ये ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली गेली, कारण गुरांच्या बुळकांडीसारख्या जीवघेण्या रोगावर काम करायचे तर वस्तीपासून दूरची जागा हवी होती. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. राणीखेत मात्र अजून आळीआळीतून फिरते आहे. बैलाचा रोग गेला, कोंबडीचा राहिला. त्याची शास्त्रीय कारणे वेगळी असतील. पण माणसाने कुणाच्या मरणाकडे किती निकडीने पाहिले याचाही त्यात थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मर आमच्या आळीत आली. पहिल्या दिवशी एका घरी दोन कोंबड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी आत्यांच्या खुराड्यात हिरवट-पांढरी हगवण दिसली. कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या, एखादी जागच्या जागी गोल फिरू लागली, एखादीची मान मागे पाठीवर वळली. माझ्याकडे चौथ्या दिवशी सुरू झाले. जवळच्या दवाखान्यात लस त्या आठवड्यात शिल्लक नव्हती. आणि असती तरी रोग शिरल्यावर लस उशिरा झालेली असते. औषधाच्या दुकानातून बायांनी नेहमीची लाल-पिवळी कॅप्सूल आणली, फोडून पाण्यात कालवली. विषाणूच्या रोगावर तिचा काही उपयोग नसतो. पण ती आणणाऱ्या बाईला हसू नये. हातावर हात ठेवून बघत बसणे किती कठीण असते ते ज्याच्या दारात मर आली त्यालाच कळते.

पाच दिवसांत माझ्या अकरांतल्या सात गेल्या. आत्यांच्या बावीस होत्या, त्यांतल्या चौदा गेल्या. त्या बावीस कोंबड्यांवर आत्यांचा एक बेत होता. आषाढात कोंबड्यांना गिऱ्हाईक असते. त्या वेळी पंधरा-सोळा विकायच्या आणि नातीसाठी एक शेळी घ्यायची. नात दहावीत होती, अकरावीला तिला तालुक्याला घालायचे होते. शेळीच्या करडांवर एसटीचा पास आणि वह्या-पुस्तके निघतील असा हिशेब. गावरान कोंबडीला चारशे रुपये धरले तरी चौदा कोंबड्यांचे पाच हजार सहाशे होतात. बैलाच्या किमतीपुढे हे काहीच नाही. आत्यांच्या वर्षापुढे मात्र ते फार आहे.

याच दिवसांत मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी डालगी बांधलेला एक व्यापारी आळीत आला. मर आली की असे लोक येतातच. त्यांना कशी कोण जाणे खबर लागते. ज्या कोंबड्या अजून उभ्या आहेत त्या नगाला शंभर रुपयांनी द्या, उद्याच्या बाजारात लावतो, असे तो म्हणाला. आत्यांच्या तेव्हा दहा उरल्या होत्या. सून म्हणाली, "देऊन टाका आत्या, हजार रुपये तरी येतील. उद्या ह्याबी मरतील." ती चूक बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे पोरीची अकरावी होती.

आत्यांनी व्यापाऱ्याला पाणी दिले आणि म्हणाल्या, "न्हाई रं बाबा. ह्या इथंच मरू दे. माझ्या दारातली मर दुसऱ्या बाईच्या दारात न्हेऊन घालू व्हय?"

आळीतल्या दुसऱ्या एका घराने कोंबड्या दिल्या. त्या कुठल्या गावाला गेल्या ते कुणी विचारले नाही. त्यांनाही नावे ठेवणे मला जमणार नाही, कारण त्या घरात त्या आठवड्यात पीठ उधार आणलेले होते. पण मर गावोगाव फिरते ती अशीच. पूर्वी साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचे. आपल्या गावची बला पुढच्या गावाने सोसावी आणि त्याने ती आणखी पुढे ढकलावी. डालग्यातल्या आजारी कोंबड्या हाच आजचा गाडा आहे, फक्त तो वाजत जात नाही. आत्यांनी तो आपल्या शिवेत अडवला. त्यांच्या दहांतल्या दोन पुढे मेल्या, आठ जगल्या. पण दारात आलेले हजार रुपये परत पाठवताना किती जगतील हे त्यांना ठाऊक नव्हते, ही गोष्ट मी विसरत नाही.

मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकल्या की कुत्री त्या घरोघर नेतात. म्हणून आम्ही विहिरीपासून लांब, बांधाच्या कडेला हातभर खोल खड्डा घेतला. खाली चुना, वर कोंबड्या, वर पुन्हा चुना, मग माती आणि दगड. काम झाल्यावर साबणाने हात धुतले, कारण या रोगाने माणसाचे डोळे येऊ शकतात. माती लोटायच्या आधी आत्यांनी एकेका कोंबडीचे विस्कटलेले पंख मिटवून सारखे केले. चौदा वेळा. तेव्हा त्या रडल्या नाहीत. रात्री जेवताना रडल्या, असे सुनेने सांगितले. आणि घरातल्या कुणीतरी नेहमीचे वाक्य म्हटले.

यावर एक प्रश्न हमखास येतो. तुम्ही कोंबड्या कापून खाता, मग मेल्या तर रडता कशाला? हा प्रश्न मी आत्यांना विचारला. त्या म्हणाल्या, "कापलेली कुणाच्या तरी ताटात जाती. मेलेली वाया जाती. आन् बाई, कापायच्या आधीबी मी तिला पाणी पाजतेच की." याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्यावर आपण जगतो त्याच्याशी आपले नाते नसते, असे पोटभर खाणाऱ्यांनाच वाटू शकते. शेतकरी कुटुंबात जनावर हे एकाच वेळी भांडवल, अन्न आणि सोबत असते. त्यातला एक धागा तुटला म्हणून दुसरा खोटा ठरत नाही.

कोंबडीला तरी काही वाटते का, असेही विचारले जाते. २०११ साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. पिलांच्या अंगावर हवेचा हलका झोत सोडायचा आणि आईकडे बघायचे. पिले दचकली की आईच्या काळजाचे ठोके वाढत, ती सावध होई, पिलांना हाका घाली. आमच्याकडच्या कुठल्याही बाईने हे प्रयोगाशिवाय सांगितले असते. घार दिसल्यावर पंख पसरून पिलांवर बसलेली कोंबडी तिने लहानपणापासून पाहिलेली असते. मर ओसरल्यावर माझ्या उरलेल्या चौघी दोन-तीन दिवस अंगणात कावऱ्याबावऱ्या फिरत होत्या. त्याला दुःख म्हणावे की मोडलेली उतरंड पुन्हा बसवण्याची धडपड, हा वाद शास्त्रज्ञांवर सोपवू. अंगण रिकामे झाल्याचे त्यांनाही कळले होते, एवढे खरे.

कवडी त्या चौघींतली. ती मेली नाही, पण तिची मान वळलेली राहिली. राणीखेतमधून उठलेल्या काही कोंबड्यांचे असे होते. मेंदूवर परिणाम झालेला असतो. दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडेच पडायची. मग दिवसातून तीन वेळा मी तिला मांडीवर घेऊन, डाव्या हाताने मान आधाराला धरून, भिजवलेल्या ज्वारीचे दाणे भरवत असे. अर्धा तास जायचा. येणारे-जाणारे बघून हसत. एकाने स्पष्टच विचारले, "बाई, अंडं तरी देती का ही?" देत नव्हती. दोन महिने आणि काही दिवस ती अशी जगली, आणि एका पावसाळी सकाळी डालग्यात निपचित सापडली.

त्या दिवशी आत्या आल्या आणि माझ्या ओसरीवर बसल्या. काही बोलल्या नाहीत. चहा घेतला. उठताना म्हणाल्या, "लई हाल काढलं तिनं. पन तुमच्या मांडीवर काढलं." कोंबडीसाठी कुणी भेटायला आल्याचे माझ्या आयुष्यात ते पहिलेच उदाहरण. दुःखाला फार काही लागत नाही हे मला तेव्हा कळले. कुणीतरी येऊन बसावे आणि 'दुसरी आण' असे म्हणू नये, एवढे पुरते. दुसरी आणायची असतेच. पण खुराडे उन्हात तापवून, चुना मारून, तीन-चार आठवडे रिकामे ठेवून मग आणायची असते. रोगाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे आणि मनाच्या दृष्टीनेही. त्या रिकाम्या दिवसांत बाईला पहाटे उठून दार काढायला जायची आणि मध्येच आठवून परत फिरायची सवय मोडावी लागते.

आता कागदाचे बोलू. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या कोंबडीला सरकारदरबारी मोल आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला साडेसदतीस हजार रुपये, शेळीला चार हजार आणि कोंबडीला शंभर रुपये, तेही एका कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत, अशी मदत होती. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात परंडा-भूम भागात पावसाने कहर केला, नद्या वस्त्यांत शिरल्या, तेव्हा या निकषांची पुष्कळ चर्चा झाली. पुराने गेलेली कोंबडी निदान कागदावर येते. मरीने गेलेल्या कोंबडीला तेवढीही जागा नाही.

बर्ड फ्लूचा नियम आणखी वेगळा आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली साथ आपल्या राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात ती आली. २०२५ च्या जानेवारीत तर आमच्या शेजारी उदगीरला कावळे पटापट मेले ते याच रोगाने. अशा वेळी साथीच्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. सरकारने मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते. त्याआधीच रोगाने मेलेलीची नाही. हा नियम ऐकून आत्या म्हणाल्या, "म्हंजी मरायलाबी सरकारची वाट बघायची." त्यात विनोद असला तरी धोका खरा आहे. भरपाई नाही म्हटले की मेलेली कोंबडी लपवली जाते आणि लपवलेल्या कोंबडीतून रोग पसरतो. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, आसपास कावळे मरून पडले तर हात न लावता दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवणे हाच मार्ग आहे. आणि कळवणाऱ्या बाईकडे गुन्हेगारासारखे बघितले जाऊ नये.

राणीखेतचे मात्र तसे नाही. तिच्यावर औषध नसले तरी लस आहे आणि ती महागही नाही. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. सहा ते आठ आठवड्यांची तलंग झाली की आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत टोचायची. पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा. मग अडते कुठे? अडते ते बाटलीत. लस शंभर, दोनशे मात्रांच्या कुपीत येते. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने शंभर मात्रांची कुपी फोडून काय करायचे? शेडवाल्याला हा प्रश्न पडत नाही. लस त्याच्या मापाने बनते, परसाच्या मापाने नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे पीटर स्प्रॅडब्रो यांनी खेड्यातल्या कोंबड्यांचा विचार करून उष्णता सोसणारी लस विकसित केली आणि मोझांबिक, टांझानियासारख्या देशांतल्या खेड्यांतून ती डोळ्यांत थेंब टाकून दिली गेली. म्हणजे मनावर घेतले तर परसाच्या मापानेही काही घडू शकते.

आमच्या आळीने बाटलीचे उत्तर माणसांनी काढले. आठ कोंबड्यांची मालकीण एकटी असते तोवर शंभरची कुपी तिला मोठी. अकरा घरे एकत्र आली की तीच कुपी लहान पडते. बचत गटाच्या बैठकीत आत्यांनीच विषय काढला. महिन्यातला एक दिवस ठरला. त्याच्या आठ दिवस आधी जंताचे औषध. लस आणायला आत्यांची नात आणि मी जातो, थर्मासमध्ये बर्फ घालून. सायंकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, घरोघर जायचे; दिवसा त्यांच्यामागे धावून कुणी लस देऊ शकत नाही. टोचणीला पशुवैद्यकीय कर्मचारी येतात. थेंब टाकायला बाया स्वतः शिकल्या. एकीने पंख धरायचे, दुसरीने मान तिरपी करायची, थेंब डोळ्यात पडून कोंबडीने पापणी मिटेपर्यंत सोडायचे नाही. आजारी दिसेल तिला लस नाही. बाजारातून नवी आणली तर दोन आठवडे डालग्यात वेगळी. आणि मर आलीच तर विक्री बंद, ही अट सगळ्यांनी मान्य केली. ज्या घराने मागे कोंबड्या विकल्या होत्या त्या घराने सर्वांत आधी. त्या घराला अशा वेळी गटातून बिनव्याजी पाचशे रुपये द्यायचे हेही त्याच बैठकीत ठरले. नुसती अट घालून भागत नाही, हे आमच्या बायांना कुणी शिकवावे लागले नाही.

आत्यांची नात अकरावीला तालुक्याला जाते. शेळी झाली नाही. तिचा पास बचत गटाच्या कर्जातून निघाला आणि कर्ज फिटायचे आहे. तिने एक शंभर पानी वही घातली आहे. कोंबडीचा रंग, लसीची तारीख, अंडी, विक्री असे रकाने आहेत. शेवटचा रकाना 'कधी गेली, कशाने' असा आहे. तिने सुरुवात मागच्या उन्हाळ्यापासून केली, आत्यांना विचारून विचारून. त्या चौदा कोंबड्या पहिल्या पानावर एकाखाली एक आहेत: तांबडी, मानकापी, लंगडी, भुरी. आत्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी ती वही देवळीत, बचत गटाच्या पासबुकाशेजारी ठेवायला लावली आहे.

सातव्या पानावर माझ्या कोंबड्या आहेत. कवडीपुढे अंड्यांच्या रकान्यात शेवटच्या दोन महिन्यांना नातीने शून्य लिहिले होते. आत्यांनी ते काय आहे म्हणून विचारले. तिने सांगितले. त्यावर आत्या म्हणाल्या, "तिथं शून्य नगं लिहू. रिकामं सोड."